शाळेतला अबोला

शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड, चंदगड या कोल्हापूर जिल्ह्यातल्या डोंगरी तालुक्यांत दोन शिक्षकी शाळा पुष्कळ आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक मिळतात, आणि स्वतंत्र मुख्याध्यापक मिळायला पटावर १५० पेक्षा जास्त मुले लागतात. त्यामुळे वाडीवस्तीवरच्या शाळेत दोघांपैकी एकाकडे मुख्याध्यापकाचा कार्यभार येतो आणि दुसरा त्याचा एकमेव सहकारी असतो. अशा दोघांचे बिनसले तर शाळेत काय घडते, ते डोळ्यांपुढे आणून पाहावे. आवाज चढत नाही, दारे आपटत नाहीत. फक्त बोलणे थांबते. मग तिसरीतल्या एखाद्या पोराला हाक मारून सांगितले जाते, ‘‘जा, सरांना म्हणावं, पोषण आहाराचं रजिस्टर द्या.’’ पोरगा व्हरांडा ओलांडून पलीकडच्या वर्गात जातो आणि उत्तर घेऊन परत येतो, ‘‘सर म्हणाले, कपाटातच आहे, बघा म्हणावं.’’ त्या ‘बघा म्हणावं’मधला तुटक सूर आठ वर्षांच्या मुलालाही कळतो. दोन-चार फेऱ्यांनंतर तो निरोप थोडा मऊ करून सांगायला शिकतो. मोठ्यांच्या भांडणात मध्यस्थी करायचे काम त्याच्यावर येऊन पडलेले असते, आणि तेवढा वेळ त्याचे पुस्तक मिटलेले असते.

शाळा म्हटली की मतभेद आलेच. वीस-पंचवीस शिक्षक, शेकडो मुले, तितकेच पालक आणि वर संस्था किंवा जिल्हा परिषद, इतकी माणसे एका छताखाली आल्यावर सगळ्यांचे एकमत होणार नाही. पहिली तासिका कोणाला, दहावीचा वर्ग कोणाला, पर्यवेक्षकपद सेवाज्येष्ठतेने द्यायचे की कामावरून, संच मान्यतेत अतिरिक्त कोण ठरणार, निवडणुकीच्या कामाला कोण जाणार, अशा प्रश्नांवर दरवर्षी शिक्षकखोली तापते. पालकांच्या तक्रारी वेगळ्या, मुलांच्या आपसातल्या कुरबुरी वेगळ्या. माझे म्हणणे इतकेच आहे, की यातला कोणताही वाद मुलाचे नुकसान आपोआप करत नाही. वाद मिटवायची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो माणूस त्याच्याशी कसा वागतो, यावर नुकसान किंवा फायदा ठरतो. वाद दडपला किंवा भिजत ठेवला, तर तो झिरपत वर्गापर्यंत पोहोचतो. दोन्ही बाजू ऐकून, वेळेत, कारण सांगून निकाली काढला, तर ‘इथे माझेही ऐकले जाईल’ ही खात्री मुलाला मिळते. विद्यार्थ्यांचे समाधान म्हणतात त्याचा गाभा ही खात्री आहे.

मतभेदाकडे अशा नजरेने पाहणाऱ्यांत मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीचे नाव आधी घ्यावे लागते. १९०८ पासून बोस्टनमध्ये शाळांच्या इमारती संध्याकाळी वस्तीतल्या लोकांसाठी खुल्या व्हाव्यात म्हणून ही बाई झटत होती, त्यामुळे वाद तिने पुस्तकात वाचण्याआधी माणसांत पाहिले होते. १९२५ साली दिलेल्या एका व्याख्यानात तिने वाद हाताळायच्या तीन वाटा सांगितल्या. एकाने दुसऱ्यावर मात करायची, दोघांनी थोडे थोडे सोडायचे, किंवा दोघांना मुळात काय हवे आहे ते शोधून दोघांचेही भागेल असा तोडगा काढायचा. तिचे उदाहरण अगदी साधे आहे. ग्रंथालयाच्या छोट्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, तिला बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली गेली. त्याला मोकळी हवा हवी होती, ती मिळाली. तिला अंगावर थेट वारा नको होता, तोही टळला. खिडकी अर्धी उघडली असती तर दोघेही नाराज राहिले असते. पुढे १९७० च्या दशकात केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन यांनी वादातल्या वर्तनाचे पाच प्रकार मांडले. त्यांत फॉलेटच्या तीन वाटांखेरीज आणखी दोन आहेत, दुसऱ्याचे मुकाट ऐकून घेणे आणि वादच टाळणे. आपल्या शाळांत या शेवटच्या वाटेवर सर्वांत जास्त वर्दळ असते, कारण तिथे त्या दिवशी काहीच किंमत मोजावी लागत नाही.

कोल्हापूरकरांना या विषयासाठी बोस्टनपर्यंत जायची गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांना बळ दिले आणि हे शहर वसतिगृहांची जननी म्हणून ओळखले जाऊ लागले. जैन बोर्डिंगमध्ये राहून राजाराम हायस्कुलात शिकणारा एक मुलगा १९०८ च्या सुमारास अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उघडलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेला. परत आल्यावर आंघोळ करून मगच आत यावे, असे त्याला सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. तो मुलगा म्हणजे पुढचे कर्मवीर भाऊराव पाटील, आणि बोर्डिंगची सूत्रे होती अण्णासाहेब लठ्ठे यांच्या हाती. लठ्ठे काही क्षुद्र गृहस्थ नव्हते. ते विद्वान होते, पुढे कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले आणि शाहू महाराजांचे चरित्रही त्यांनी लिहिले. म्हणून हा प्रसंग एका माणसाच्या दोषापेक्षा जास्त काही सांगतो. नियम आणि विद्यार्थ्याची सदसद्विवेकबुद्धी आमनेसामने आली तेव्हा नियमाने मात केली, आणि नियमच तपासून पाहावा का, हा प्रश्न उघड्यावर आलाच नाही. बोर्डिंगमध्ये त्या दिवशी शांतता झाली असेल. वाद मात्र संपला नाही, तो त्या मुलाबरोबर बाहेर पडला.

या गोष्टीचा उत्तरार्धही तितकाच मोलाचा आहे. १९१४ मध्ये कोल्हापुरात राजा सातवा एडवर्ड याच्या पुतळ्याला डांबर फासले गेले आणि संशय लठ्ठ्यांवर घेतला गेला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला, त्यांना अटक झाली, हाल झाले. ज्याने आपल्याला बोर्डिंगबाहेर काढले त्याच्यावर सूड उगवायची ही आयती संधी होती. भाऊरावांनी साक्ष दिली नाही. मुद्द्यावरचा विरोध माणसावर काढायचा नसतो, हे व्यवस्थापनशास्त्राने फार नंतर संशोधनाने मांडले. कामावरचा मतभेद आणि माणसामाणसांतली तेढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी जवळजवळ नेहमीच घातक ठरते, असे कॅरन जेन यांनी १९९५ मधल्या अभ्यासात दाखवले. भाऊरावांनी तो भेद आधीच जगून दाखवला होता. त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र कामे करत आणि एका पंगतीला जेवत. ज्या प्रश्नावरून एका विद्यार्थ्याला बाहेर पडावे लागले होते, त्या प्रश्नाला त्यांनी आपल्या संस्थेच्या रोजच्या स्वयंपाकघरात जागा दिली. शिवाशिवीवर भाषण देण्यापेक्षा चुलीपाशी एकत्र बसवणे हा जास्त टिकाऊ निवाडा होता.

मोठ्यांचे वाद मुलांच्या समाधानापर्यंत पोहोचतात कसे? पहिली वाट वेळेची. दोन शिक्षक एकमेकांशी बोलत नसतील तर एकाने शिकवलेल्या अपूर्णांकांवर दुसरा त्रैराशिक बांधू शकत नाही, दोघांच्या चाचण्या एकाच दिवशी येतात, स्नेहसंमेलनाच्या तालमीत वर्गाच्या दोन तुकड्या पडतात. दुसरी वाट न्यायाची. कोणाच्या तक्रारीची दखल घेतली जाते आणि कोणाची कचऱ्यात जाते, हे मुले बारकाईने पाहत असतात. टॉम टायलर यांनी शिकागोतल्या नागरिकांच्या मुलाखतींवरून १९९० मध्ये दाखवले, की निकाल आपल्या विरुद्ध गेला तरी आपले म्हणणे ऐकून घेतले गेले आणि सर्वांना एकच माप लावले गेले असे वाटले, तर माणसे तो निकाल पुष्कळ सहज स्वीकारतात. पोलीस आणि न्यायालयाबद्दलची ही गोष्ट मुख्याध्यापकाच्या खोलीबाहेर उभ्या असलेल्या आठवीतल्या दोन मुलांनाही लागू पडते. एकाला शिक्षा झाली याचे त्याला दुःख नसते, ‘मला विचारलंच नाही’ याचे असते. तिसरी वाट अनुकरणाची. भांडण कसे करावे आणि कसे मिटवावे, याचा तास कोणत्याही वेळापत्रकात नसतो. मुले तो धडा मोठ्यांकडे पाहून घेतात.

याला आधार देणारा एक मोठा अभ्यास अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर यांनी शिकागोच्या प्राथमिक शाळांत केला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध केला. मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालक यांच्यात परस्परविश्वास किती आहे हे त्यांनी मोजले आणि त्या शाळांच्या वाचन-गणितातल्या प्रगतीशी ते ताडून पाहिले. विश्वास भक्कम असलेल्या शाळांपैकी निम्म्या ठळक सुधारणा करणाऱ्या गटात होत्या. विश्वास दुबळा असलेल्या शाळांत हे प्रमाण सातात एक इतके कमी होते. या विश्वासाचे चार घटक त्यांनी सांगितले: एकमेकांचा आदर, कामातली कुवत, दुसऱ्याच्या सुखदुःखाची काळजी आणि शब्दाला जागणे. यात वाद नसणे हा घटक नाही. आदर म्हणजे काय, तर न पटणारे म्हणणेही मन लावून ऐकणे. अर्थात विश्वासामुळे प्रगती झाली की प्रगतीमुळे विश्वास वाढला, असा प्रश्न कोणीही विचारू शकतो. दोन्ही एकमेकांना खतपाणी घालत असणार. तरी मुख्याध्यापकाच्या हाती यातली एकच दोरी आहे. गुण तो हुकूम काढून वाढवू शकत नाही, विश्वासाने वागायला मात्र आजपासून सुरुवात करू शकतो.

इथे पहिला आक्षेप येतो. शाळेचे काम शिकवणे आहे, मुलांना खूश ठेवणे नव्हे. मोकळा तास मिळाला की मुले समाधानी होतात, म्हणून काय तास मोकळे सोडायचे? आक्षेप रास्त आहे, पण तो समाधानाच्या उथळ अर्थावर उभा आहे. महाविद्यालयांच्या मूल्यांकनात नॅकने विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणले, त्यातले प्रश्न पाहावेत. अभ्यासक्रम किती पूर्ण होतो, शिक्षक तयारी करून येतात का, अंतर्गत मूल्यमापन न्याय्य असते का, असे ते प्रश्न आहेत. म्हणजे समाधान मोजताना सुखसोयींबरोबर, किंबहुना त्यांच्याआधी, न्याय आणि लक्ष मोजले जाते. तरीही एक कबुली द्यायला हवी. अमेरिकेत पिट्सबर्गच्या शाळांत शिक्षेऐवजी संवादातून वाद मिटवण्याच्या पद्धतीचा काटेकोर प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. शिक्षकांच्या मते शाळेचे वातावरण सुधारले, मुलांना निलंबित करण्याचे प्रमाण घटले, पण सहावी ते आठवीच्या मुलांची अभ्यासातली कामगिरी वाढली नाही, उलट घसरली. यातून ही पद्धत टाकाऊ ठरत नाही. संवादाला वेळ लागतो आणि तो वेळ अध्यापनातून ओरबाडला तर त्याची किंमत मुलेच मोजतात, इतके मात्र त्यातून कळते. वाद ऐकण्यासाठी वेळापत्रकात स्वतंत्र जागा ठेवावी लागते. गणिताच्या तासाला वर्ग उघडा टाकून मुख्याध्यापकाच्या खोलीत बैठक रंगवणे हा त्याला पर्याय नाही.

दुसरा आक्षेप मुख्याध्यापकच घेतील, आणि तो वेदनेतून येतो. ‘‘आमच्या हातात आहेच काय? बदल्या वरून होतात, पदे रिक्त राहतात, संच मान्यता पटावर ठरते, खासगी संस्थेत संस्थाचालकांचा शब्द अखेरचा, आणि ऑनलाइन माहिती भरण्यातच अर्धा दिवस जातो.’’ यातला शब्दन् शब्द खरा आहे. महाराष्ट्रात खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्ती कायदा आहे. बडतर्फी किंवा पदावनतीविरुद्ध ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते, आणि असे न्यायाधिकरण कोल्हापुरातही आहे. न्यायाधिकरणाची पायरी चढेपर्यंत मात्र संबंध पार तुटलेले असतात. कायदा माणसाची नोकरी परत देऊ शकतो, शिक्षकखोलीतला चहा परत देऊ शकत नाही. म्हणून वादाचे मूळ मुख्याध्यापकाच्या आवाक्याबाहेर असले तरी त्याची पहिली दहा मिनिटे त्याच्याच हाती असतात. अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाला ती बातमी कार्यालयातल्या यादीवरून कळते की मुख्याध्यापक त्याला बसवून सांगतो, वेळापत्रक फळ्यावर चिकटवले जाते की चिकटवण्याआधी चर्चेला ठेवले जाते, यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. अधिकार तुटपुंजा असेल तर वागण्याची पत आणखीच महत्त्वाची ठरते.

तिसरा आक्षेप पालकांच्या तोंडी ऐकू येतो. धाक असला की शाळा सुरळीत चालते, इतके ऐकून घेऊ लागलात तर मुले डोक्यावर बसतील. धाकाने शांतता येते, हे खरेच. पण ती कसली शांतता, हे पाहायला हवे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. त्याच्या दोन तपांहून अधिक आधी, १९८५ मध्ये, लीलाताई पाटील यांनी कोल्हापुरातच सृजन आनंद विद्यालय सुरू केले, आणि शिक्षेच्या भीतीशिवाय, आनंदातून शिकणे शक्य आहे हे त्यांनी प्रत्यक्ष शाळा चालवून आणि भरपूर लिहून मांडले. छडी बाजूला ठेवली की मुलाला समजावून सांगणे हा एकच मार्ग उरतो. तो शिक्षकाला कष्टाचा असतो आणि म्हणूनच शिक्षकाला घडवणाराही असतो. धाकाच्या शाळेत मुलाचे तोंड बंद होते, आणि बंद तोंडाची शाळा ही सर्वांत असुरक्षित शाळा असते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला चार वर्षांच्या दोन मुलींवरच्या अत्याचारानंतर लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन झालेल्या दिरंगाईवर कठोर शब्दांत ताशेरे ओढले. तिथे जे घडले तो वाद नव्हता, गुन्हा होता. गुन्ह्यात मध्यस्थी करायची नसते, पोक्सो कायद्याप्रमाणे ताबडतोब पोलिसांना कळवायचे असते. पण छोट्या तक्रारी ‘बघू नंतर’ म्हणून टाळायची सवय जिथे हाडीमाशी रुजलेली असते, तिथे मोठी तक्रार आली तरी हात तीही त्याच सवयीने फायलीखाली सरकवतात.

इथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. ऐकून घेणे म्हणजे दरवेळी मधला मार्ग काढणे नव्हे. काही वादांत एक बाजू निखालस चूक असते आणि तिथे तडजोड हाच अन्याय ठरतो. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांबरोबर बसवण्याचा आदेश दिला. सेवेत आलेल्या अस्पृश्यांना समानतेने वागवणे ज्या अधिकाऱ्यांना मान्य नसेल त्यांनी सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्यांना पेन्शन मिळणार नाही, इतक्या स्वच्छ भाषेत त्यांनी बजावले होते. अर्धा वर्ग वेगळा बसवू आणि अर्धा एकत्र, असा तोडगा त्यांनी काढला नाही. तरीही दडपशाही आणि हे आदेश यांत फरक आहे. दडपणारा कारण सांगत नाही. इथे तत्त्व सांगितलेले होते, मुदत दिलेली होती आणि न पाळल्यास काय होईल तेही लपवलेले नव्हते. मुख्याध्यापकाला हाच विवेक लागतो. तासिकांचा वाद असेल तर शेजारच्या खोलीची खिडकी शोधावी. मुलाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न असेल तर ठाम उभे राहावे. दोन्हींत आपण असे का केले, हे संबंधितांना सांगावे.

प्रत्यक्षात सुरुवात फार मोठ्या गोष्टींनी करावी लागत नाही. आठवड्यातला एक ठरलेला अर्धा तास शिक्षकांच्या कुरबुरींसाठी असावा आणि तो अध्यापनाच्या वेळेबाहेरचा असावा. तक्रारपेटी बहुतेक शाळांत भिंतीवर असते. ती ठरलेल्या दिवशी, दुसऱ्या कोणाच्या देखत उघडली जावी, आणि पुढच्या आठवड्याच्या परिपाठाला, नाव न घेता, त्यातल्या तक्रारींचे काय झाले ते मुलांना सांगितले जावे. नाजूक तक्रारी अर्थातच वेगळ्या, गोपनीय वाटेने जाव्यात. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. तिच्या बैठकीत सह्यांच्या रजिस्टराबरोबर एखादा खरा वादाचा प्रश्नही पटलावर यावा. आणि डोंगरातल्या त्या दोन शिक्षकी शाळेने एक नियम स्वतःला घालून घ्यावा: मोठ्यांचा निरोप मुलाच्या तोंडी द्यायचा नाही. हा नियम पाळायचा तर रजिस्टर मागायला स्वतः व्हरांडा ओलांडावा लागेल. पहिल्या दिवशी एकच वाक्य बोलले जाईल, तेही रजिस्टरापुरतेच. पण तेवढ्याने तिसरीतला तो पोरगा जागेवरून उठणार नाही, आणि वाचत असलेला धडा त्याला पूर्ण करता येईल.